कोपऱ्यातली सरकी

मी पुष्पांजली. मलकापूरले एमआयडीसीत एक लहानसं युनिट हाय, तिथं मी कामाले जातो. कपाशीचं बियाणं बीटी हाय का सादं, हे तपासायचे किट आमी बनवतो. गावातल्या बाया इचारतात, "काय करतं वं तू तिथं?" मी म्हणतो, "पाणी ओततो." खोटं नाही ते.

नळीत चुंबकाले चिकटणारे मणी असतात, इतके बारीक का डोळ्याले निसतं तपकिरी गढूळ पाणी दिसते. त्या मण्याईवर असं औषध चढवलेलं असते का बीटीतलं अळी मारायचं द्रव्य तेवढं त्याईले चिकटते, बाकी काही नाही. बियाण्याचं पीठ पाण्यात कालवून त्यात टाकायचं, नळी चुंबकाले लावायची आन गुमान थांबायचं. सारे मणी एका बाजूले जमा होतात, पाणी नितळते. ते पाणी ओतून द्यायचं, मणी धुवायचे, मंग रंगाचा थेंब टाकायचा. निळं झालं त बीटी, नाही झालं त सादं. हात हलला का मणी पाण्यासंगं वाहून जातात. आमचे मालक शाकिर सर सारखे वरडतात, "हात सांभाळा, बायहो!" मले नाही वरडत. भाऊ गेला तवापासून माहा हात हलत नाही. माहं काहीच हलत नाही.

ज्ञानेश्वर माह्याहून लहाना. गुलाबी अळीनं बीटीचीही बोंडं पोखरली त्या साली तो फवारता फवारता वावरातच पडला. दवाखान्यात नेलं, पण जहर अंगात भिनलं व्हतं. तिसरा झाला त्याच्या दुसऱ्याच दिवशी मी कामावर गेली. लोकं म्हणे, काय काळीज हाय का दगड! असंन बापा दगड. मले खरंच काही वाटत नव्हतं.

घरी बाबाचं वेगळंच. कारभारी त्याईचं नाव, साऱ्या गावात हट्टी म्हणून नावाजलेले. साऱ्या वावरात बीटी, पण एका कोपऱ्यात ते आपलं जुनं सादं बियाणंच लावत. दरसाल त्याचीच सरकी मडक्यात राखून ठेवत. ज्ञानेश्वर चिडे, "बाबा, सारी अळी तुमच्या कोपऱ्यात पोसते! फवारावं मले लागते!" आन पडला तो नेमका त्याच कोपऱ्यात. तवापासून बाबाचा एकच धोसरा, "माह्या बियाण्यानं माहं पोरगं खाल्लं." चहा देला तरी तेच, पाहुणा आला तरी तेच. मले तर कान फुटल्यावाणी झालं व्हतं. पण ज्याचं जळते त्यालेच कळते, बोलावं काय?

अशात शाकिर सर म्हणाले, "पुष्पा, तुह्या घरी अजून सादं बियाणं हाय म्हणे? आण न मूठभर. आजकाल कुठं मिळते!" प्रत्येक किटमंदी ताडून पाह्याले एक सादी नळी ठेवा लागते, आन आमच्याकडचं सादं बियाणं सरलं व्हतं. बाबाले मांगितलं. त्याईनं मडक्यातून मूठभर सरकी काढली, फडक्यात बांधून देली. म्हणाले, "ने. कोणाच्या त कामी येऊ दे."

मी दळली, कालवली, चुंबकाले लावली, ओतलं, धुतलं, थेंब टाकला. निळं. दुसरी नळी निळी. तिसरीही.

शाकिर सर आले. "या अल्लाह! एखादी निळी निघती त शेजारच्या कपाशीचं पराग उडालं म्हटलं असतं. हे त सारंच बीटी हाय!"

घरी आली त माय म्हशीपाशी व्हती. विमलबाई तिचं नाव, पण आमच्या घरात तिले कोणी काही इचारत नाही. मी इचारलं. ती दोहता दोहता थांबली.

"तुहा भाऊ गेला त्याच्या आदल्या साली तुह्या बाबाचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, पेरणी ज्ञानेश्वरनं केली. तवा त्यानं जुनी सरकी म्हशीले शिजवून घातली आन कोपऱ्यातही बीटीच टोबली. मंग मडक्यात तिचीच सरकी आली. मले शपथ घातली व्हती त्यानं."

"आन तू गप? ते रोज मरून राह्यले इथं!"

"सांगतलं असतं त मेल्या लेकराले शिव्या देल्या असत्या त्याईनं," माय म्हणाली. "मले त्या आयकवल्या नसत्या वं."

मले वाटलं, चला, सुटला बाबा. कोपरा काही वेगळा नव्हताच. जिकडंतिकडं बीटी, जिकडंतिकडं अळी. कुठंही पडला असता तो. मी बाबापाशी बसली आन सारं सांगतलं.

शिवी देली नाही त्याईनं.

"मंग काहून गेला तो?"



त्या दिवसापासून बाबाचं बोलणंच बंद झालं. बियाण्याचं नाव नाही, पोराचं नाव नाही. वावरात जाणं नाही. खाटेवर भिंतीकडं तोंड करून पडून राहत. पह्यले कान फुटत व्हते, आता ते बरं व्हतं म्हणायची पाळी आली. मायले म्हणे भेव वाटे, ती दर घडीले येऊन त्याईचा श्वास पाहे.

मंग एक दिवस सकाळी मी डबा भरत असताना बाबा उठले. मडकं उपडं केलं, खालची सरकी फडक्यात बांधली आन माह्या हातात देली.

"तुही नळी चुकली असंन. पुन्हा पाह्य."

"बाबा, सरांनीही पाह्यलं..."

"पुन्हा पाह्य म्हणतो न!"

हात जोडले हो त्याईनं. बापानं. मले.

मी नेली. नीट दळली, चुंबकाले लावली, पुरी थांबली, नळीले धक्का लागू देला नाही. निळी झाली. नळी धुऊन ठेवली आन संध्याकाळच्या एसटीनं घरी आली.

बाबा ओट्यावर उभेच व्हते.

"काय निंघालं?"

"सादी हाय, बाबा," मी म्हटलं. "माहीच नळी चुकली व्हती."

ते मटकन खाली बसले. मंग जे रडले, अशी छाती पिटून रडले का शेजारचे धावून आले. "म्या मारलं हो! माह्या ज्ञानेश्वरले म्याच मारलं!" मरणाच्या दिवशी रडले नव्हते इतके रडले. मायनं माह्याकडं पाह्यलं. मंग ती त्याईच्या बाजूले बसली आन त्याईचं डोकं मांडीवर घेऊन म्हणाली, "हाव. रडा."