सात दुकानांचा कॉम्प्युटर

प्रबोध आयटीत लागला तेव्हा त्याच्या हातात स्क्रू ड्रायव्हर होता. हुद्दा वाढत गेला तसा तो सुटला आणि हातात एक्सेल आलं. सिंगापूरला आल्यापासून त्याने कॉम्प्युटर फक्त बाहेरूनच पाहिला होता. ऑफिसात हे कुणाला खुपत नव्हतं. टॅम्पिनीसच्या फ्लॅटमध्ये मात्र त्याची चौदा वर्षांची मुलगी किमया होती, आणि तिला गेम खेळायला कॉम्प्युटर हवा होता.

रेडीमेड घेऊ या, असं ती म्हणाली. श्रीरामकाकांनी घेतला तसा.

हे नाव तिने घ्यायला नको होतं. प्रबोधचा मित्र श्रीराम पासिर रिसला राहायचा. जहाजावर इंजिनियर. किनाऱ्याला लागला की मागच्या सगळ्या महिन्यांत खर्चच झाला नाही, याची भरपाई करत सुटायचा. मुलासाठी मॉलमध्ये जो पहिला लाल दिव्यांचा डबा दिसला तो त्याने उचलला. भाव विचारला नाही, दुसरं दुकान बघितलं नाही. त्याला किती ठकवलंय हे प्रबोधने त्याच्याच घरात, त्याचाच चहा पीत, बैजवार समजावून दिलं होतं. वर, मी स्वतः सुटे भाग घेऊन जोडून दाखवतो, मग ये बघायला, असंही सांगून बसला होता. श्रीराम शांतपणे म्हणाला होता, येतो.

"बाबा कान्ट लाह," किमया तिच्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणाली. "त्याला फक्त पॉवरपॉइंट येतं."

ती हे चिडून म्हणाली असती तर प्रबोधने कान पकडला असता. पण बाहेर ढग आलेत, असं सांगावं तशी म्हणाली. ते जिव्हारी लागलं. श्रीराम गेला खड्ड्यात. आपल्या बापाला काहीतरी येतं, एवढं या पोरीच्या तोंडून निघालं पाहिजे, असं त्याने मनाशी धरलं.

मग संशोधन सुरू झालं. दर शनिवारी बुगिसला जायचं, कॉम्प्युटरच्या दुकानांनी भरलेल्या सिम लिम स्क्वेअरचे मजले पालथे घालायचे, प्रत्येक दुकानाचं छापील भावपत्रक उचलायचं आणि घरी येऊन एक्सेलमध्ये चढवायचं. त्याची बायको अरुणा म्हणाली, मला बघायला आलास तेव्हा पोहे संपायच्या आत होकार दिलास, आणि आता कॉम्प्युटरच्या एका पंख्यासाठी महिना घालवतोयस. प्रबोध म्हणाला, तेव्हा तुलनेला दुसरं दुकान नव्हतं. त्यानंतर दोन दिवस त्याला डब्यात नावडती भेंडी मिळाली.

चौथ्या मजल्यावरच्या एका दुकानातली चिनी आंटी फार चांगली होती. सगळं माझ्याकडून घे, मी फुकट जोडून देते, चालवून दाखवते, बिघडलं तर परत आण, असं तिने तीनदा सांगितलं. 'फुकट' ऐकलं की पुण्याचा माणूस हसतो, तसा प्रबोध हसला. फुकट म्हणजे भावात धरलेलं. त्याने सात भाग सात दुकानांतून घेतले. मेमरी तर दोन डॉलर स्वस्त मिळाली म्हणून एका मजल्यावर घेतली, आणि समोरचा दुकानदार वर माउसपॅड देतोय हे कळल्यावर परत करायला निघाला. किमयाने पिशव्या धरल्या होत्या. त्याची मजुरी म्हणून ती तीन बबल टी प्यायली. ते एक्सेलमध्ये आले नाहीत.

इथे या घराचा एक रिवाज सांगायला हवा. या घरात कोणत्याही नव्या वस्तूचं प्लास्टिक काढत नसत. सोफा प्लास्टिकमध्ये, खुर्च्या प्लास्टिकमध्ये, रिमोट पिशवीत, फ्रिजच्या दारावर निळसर पापुद्रा. कारण साधं होतं. इथे राहू देणारा एम्प्लॉयमेंट पास आज आहे, उद्या नाही. सरकार नाही म्हणालं की सामान विकून निघायचं, आणि 'नव्यासारखा' लिहिता आलं की चार पैसे जास्त येतात. पास दर वेळी रिन्यू होत गेला आणि सोफा नऊ वर्षं रेनकोट घालून बसून राहिला. त्या दमट हवेत पाहुणा उठला की सोफ्यातून असा काही आवाज निघायचा की बाकीचे पाहुणे खिडकीबाहेर बघू लागायचे.

रविवारी सकाळी जेवणाच्या टेबलावर जोडणी सुरू झाली. कॅबिनेटच्या, म्हणजे बाहेरच्या डब्याच्या, काचेवरचं प्लास्टिक काढायला किमयाने नख लावलं, तेवढ्यात प्रबोध ओरडला. राहू दे, विकताना कामाला येतं. प्रत्येक भाग त्याने नव्या नवरीसारखा अलगद उचलला आणि जसाच्या तसा बसवला. दुपारी बटण दाबलं. दिवे लागले, पंखे फिरले. किमया म्हणाली, "नॉट बॅड." प्रबोधला वाटलं, या दोन शब्दांसाठी सातच काय, सत्तर दुकानं फिरलो असतो.

मग तिने गेम उघडला. पंखा विमानासारखा गरजू लागला आणि थोड्या वेळात सगळं काळं पडलं. पुन्हा लावला, पुन्हा काळं.

सोमवारी शाळेला सुट्टी होती. प्रबोधने रजा टाकली आणि भाजीच्या ट्रॉलीत कॉम्प्युटर घालून बापलेक एमआरटीच्या मेट्रोने बुगिसला पोचले. पॉवर सप्लायवाला म्हणाला, मदरबोर्ड. मदरबोर्डवाला म्हणाला, प्रोसेसर. प्रोसेसरवाल्याने मेमरीकडे बोट दाखवलं, आणि मेमरीवाल्याने विचारलं की जोडला कुणी. प्रबोधने किमयाकडे पाहिलं. किमया सरकत्या जिन्याकडे बघत राहिली. चौथ्या मजल्यावरची आंटी म्हणाली, उघडून बघते, पण माझं काहीच घेतलेलं नाहीस, तेव्हा चाळीस डॉलर. प्रबोध म्हणाला, विचार करून सांगतो.

परतीच्या गाडीत श्रीरामचा मेसेज आला. उद्या संध्याकाळी कॉम्प्युटर बघायला येतोय, नारळ आणू का?

घरी येऊन प्रबोध सोफ्यावर कोसळला. प्लास्टिक कुरकुरलं. ताप आलाय म्हणून सांगावं, की दुकानदारांच्या नावाने खडे फोडावेत, याचा तो हिशेब मांडत होता. टेबलापाशी किमया स्क्रू काढत होती. तिने प्रोसेसर थंड ठेवणारा जाडजूड पंखा उचलून काढला, आणि उलटा करून दिव्याखाली धरला.

"बाबा, इकडे ये."

पंख्याच्या तांब्याच्या तळाला पारदर्शक पापुद्रा होता. त्यावर लाल अक्षरांत, इंग्रजीत आणि चिनीत, बसवण्याआधी काढा असं लिहिलं होतं. आणि त्याच्याही वर प्रबोधने उष्णता वाहून नेणारी पेस्ट लोण्यासारखी सुंदर पसरली होती. त्याला ती अक्षरं दिसली नव्हती असं नाही. हातच गेला नव्हता. नऊ वर्षं जो हात पापुद्र्याकडे गेला नाही, तो एका रविवारी कसा जाणार?

तो तिच्या हसण्याची वाट बघत उभा राहिला. ती हसली नाही. पापुद्रा बोटांत धरून ती आईसारखी विचारात पडली, आणि हे जास्त भीतिदायक होतं.

"श्रीरामकाकांना सांगायचं?"

"नको."

"आईला?"

"ती तुझ्या मागे उभी आहे."

"ओके," किमया म्हणाली. "देन सोफा."

सोफ्याचं काय, हे प्रबोधला कळलं होतं तरी त्याने विचारलं. गप्प राहायची किंमत म्हणून सोफा, खुर्च्या, रिमोट, फ्रिज, सगळं. आणि सोलायचं त्यानेच. तो म्हणाला, मार्चमध्ये पास रिन्यू व्हायचाय, तोवर तरी थांबू. तेव्हा अरुणा बोलली.

"प्रबोध, नऊ वर्षं आपण निघायच्या तयारीत बसलोय. माझी पाठ चिकटली आता."

यावर एक्सेलमध्ये रकाना नव्हता. त्याने कात्री आणली. सोफ्याखालून पहिला तुकडा ओढला तेव्हा जीव कापल्यासारखा चेहरा केला. फ्रिजपाशी पोचेतो मात्र त्याला त्यात गोडी वाटायला लागली होती, आणि रिमोटची पिशवी तर त्याने दातांनी फाडली. मग बापलेकींनी पंखा पुसला आणि नव्याने पेस्ट लावली. स्क्रू तिने फिरवले, बटण दाबायचा मान त्याला दिला. संध्याकाळभर गेम चालला आणि पंखा कुजबुजण्यापलीकडे गेला नाही.

दुसऱ्या दिवशी श्रीराम नारळ घेऊन आला. कॉम्प्युटर दिवे पाजळून समोरच बसला होता. श्रीरामने तिकडे पाहिलंच नाही. तो सोफ्यावर बसला, दचकला, उठला, पुन्हा बसला. आवाज आला नाही.

"नवा सोफा? कितीला पडला?"

"जुनाच आहे," प्रबोध म्हणाला. "काल उघडला."

मग श्रीरामची मान टेबलाकडे वळली. हा खरंच तू जोडलास? प्रबोधने नारळाची शेंडी सोलायला घेतली. किमयाने खेळता खेळता हेडफोनचा एक कान बाजूला केला.

"बाबांनीच जोडला, काका. मी फक्त प्लास्टिक काढलं."

यात अरुणाला चहा टाकायला एवढं घाईघाईने आत का पळावं लागलं, ते श्रीरामला काही कळलं नाही.