कणगीवरचे अकरा पंजे

दगडीबाईच्या घरात एक कणगी होती, आणि तिच्या तोंडावर अकरा बायकांचे पंजे होते. पौषात ज्वारीचं बी राख नि कडुलिंबाचा पाला घालून कणगीत भरायचं, तोंड शेणामातीने लिंपायचं आणि ओल्या लिंपणावर अकरा जणींनी पंजे उठवायचे. मग मिरगापर्यंत कणगीला कोणी बोटही लावायचं नाही. शिरपूरच्या वर, सातपुड्याच्या पायथ्याशी, दुकानातलं बियाणं खडकाळ उतारावर गुडघाभर वाढून वाळून जायचं. ही जुनी ज्वारी मात्र तग धरायची. आसपासच्या गावांतून ती केव्हाच नाहीशी झाली होती. दुष्काळात लोक बियाणंच खाऊन बसतात, म्हणून सत्याऐंशी साली या बायकांनी सगळ्या गावाचं बी एका कणगीत आणलं.

ब्याण्णव साली एका परदेशी संस्थेला त्यांचा शोध लागला. धुळ्याच्या कार्यालयातला रतिलाल मोटारसायकल घेऊन आला आणि म्हणाला, तुमची क्षमता वाढवायची आहे. क्षमता म्हणजे काय, हे त्याने दोन तास समजावलं. कुणालाच कळलं नाही, पण पोरगा घसा कोरडा होईतो बोलला म्हणून बायकांनी माना डोलावल्या.

दगडीबाईला अध्यक्ष केलं आणि धुळ्याला पाच दिवसांच्या शिबिराला नेलं. तिथे खुर्ची मिळाली, छातीवर नावाची चिठ्ठी मिळाली, आणि संस्था कशी उघडी, पारदर्शक असावी हे कानी पडलं. साठ वर्षांच्या आयुष्यात तिला 'तुमचं मत काय' असं कोणी विचारलं नव्हतं. तिथे रोज विचारत. बाई भुलली. भुलणारच की!

माघात त्या परदेशी संस्थेच्या पाहुणीला बी पाहायचं होतं. अकरा जणींतली मोतीबाई दाराशी आडवी उभी राहिली. "अक्का, पेरनीना आगोदर कनगी उघाडतस का? बी बठ्ठं वाया जाई."

"आते आपली संस्था शे, मोती. लपाडीसन कसं चाली?" दगडीबाई म्हणाली, आणि स्वतःच्या हाताने तिने लिंपण फोडलं.

पाहुणीने फोटो काढले, मूठभर बी काचेच्या बाटलीत भरून धुळ्याच्या कार्यालयासाठी नेलं. कणगी पुन्हा लिंपली, पंजे पुन्हा उठले. चैत्रात अहवालवाले आले, पुन्हा फोडली. वैशाखात अवकाळी पाऊस पडून गेल्याच्या दुसऱ्या दिवशी दिल्लीचे साहेब आले आणि त्यांच्यासाठी पुन्हा. त्या वेळी फक्त सात पंजे उठले. मोतीबाई आलीच नाही.

मिरगाला कणगी फोडली तर आतून पीठ सांडलं, आणि त्यात वळवळणारे किडे. धड दाणे वेचून पेरले, तेही उगवले नाहीत. मोतीबाईने रिकामी कणगी झाडून पालथी घातली आणि घरी गेली. दोन शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं, असं दगडीबाईला वाटलं.

मग श्रावणात एका रात्री तिला ती बाटली आठवली. मूठभर बी! परसात पाणी घालून पुढच्या साली जपलं तर पायली होईल, पायलीचं पोतं होईल. पहाटे ती मोतीबाईच्या दारात जाऊन एवढंच सांगून आली आणि उपाशीपोटी धुळ्याच्या गाडीत बसली.

कार्यालयाच्या काचेच्या कपाटात बाटली होती. वर चिठ्ठी, शेजारी दगडीबाईचाच फोटो. रतिलालने पळत येऊन तिच्यासाठी खुर्ची आणली. तुमच्या गावाचा अहवाल सगळ्यात चांगला झाला, आता इतर गावच्या बायकांना तुम्हीच शिकवायचं, असं तो म्हणाला.

"भाऊ, ती बाटलीमानं बी माले दे. मूठभर बस शे. तीन पावसायामा गाव भरी जाई."

"घ्या ना अक्का, तुमचंच आहे." त्याने बाटली तिच्या हातात दिली. "बघा, एक दाणा किडलेला नाही. पाहुणीबाई म्हणाल्या, नीट टिकलं पाहिजे. म्हणून मी बाटलीतून काढून तव्यावर खरपूस भाजलं आणि मगच परत भरलं."

दगडीबाईने बूच काढलं. लाह्यांसारखा वास आला. पोरगा कौतुकाच्या अपेक्षेने बघत होता. त्याला काय सांगायचं, आणि कोणत्या तोंडाने? पहिलं लिंपण तिनेच फोडलं होतं. ती "बरं" म्हणाली आणि उठली.

परतीच्या गाडीत भुकेने पोटात कळ आली. तिने तळहातावर थोडे दाणे ओतले, तोंडात टाकले, मग आणखी थोडे. शिरपूर यायच्या आत तिने गावाची ज्वारी खाऊन संपवली. गोड होती, नेहमीसारखीच.

गावच्या फाट्यावर मोतीबाई उभी होती. पदरात तिने घरची राख नि कडुलिंबाचा पाला बांधून आणला होता.

"भेटनं का, अक्का?" तिने विचारलं.