फोडावरची मिश्री

निपाणीत अजून कितीतरी घरांत सकाळी तव्यावर आधी तंबाखू भाजली जाते, मग चहा होतो. ती मिश्री दातांवर घासत बायका उंबऱ्यात बसतात. यशोदाबाईंची तीस वर्षं तंबाखूच्या वखारीत गेली. गालाच्या आत फोड आला, तेव्हा त्यावरही त्यांनी मिश्रीच दाबली. तासभर ठणका थांबायचा. पुढे भाकरी टोचू लागली, तेव्हा त्या दूधभातावर आल्या. सून नीलमचा दात दुखला तर तिलाही त्यांनीच चिमूट दिली. आता तिलाही मिश्रीवाचून चैन पडत नव्हती.

नीलमला दिवस गेले, म्हणून आशा कार्यकर्ती जयाबाई नाव लिहायला आली. यशोदाबाई ओठ जेमतेम उघडूनच बोलत होत्या.

"आक्का, तोंड उघडा बघू."

"माझं काय बघतीस? पोटुशी ती हाय."

"तुमचं तोंड दोन बोटंबी उघडंना झालंय. किती म्हैनं झालं?"

"पाच-सा. मिश्री लावली की गप बसतंय."

"त्ये गप बसत न्हाय, आक्का. तुमास्नी कळायचं तेवढं बंद हुतंय."

"माझी आई ऐंशी वर्सं जगली मिश्री लावून."

"आणि तुमची थोरली जाऊ, राजाबाई? ती कशानं गेली?"

यशोदाबाईंनी हातातली मिश्री खाली ठेवली. राजाबाई शेवटी पाणीही गिळू शकत नव्हती.

जयाबाईनं सासूसुनेला बेळगावच्या दवाखान्यात नेलं. तिथं यशोदाबाईंच्या गालातला तुकडा काढून तपासला. कॅन्सर निघाला. डॉक्टर म्हणाले, "तुम्ही सुरुवातीला आला असतात तर थोडक्यात भागलं असतं. आता जबडा काढावा लागेल. पुढचं सांगता येत नाही."

नीलम रडू लागली.

"रडतीस काय? आदी तुजं तोंड दाखीव त्यास्नी," यशोदाबाई म्हणाल्या.

नीलमच्या गालात पांढरा चट्टा होता. मिश्री सोडली तर तो बहुधा जाईल, पण तपासत राहावं लागेल, असं डॉक्टरांनी सांगितलं. यशोदाबाईंनी सुनेचा हात धरला. "आजपासनं बंद. म्या माज्या हातानं तुज्या तोंडात घातलं गं. लई चुकलं माजं."

ऑपरेशननंतर यशोदाबाईंना बोलता येत नाही. वखारीतल्या बायका भेटायला येतात, तेव्हा त्या एकेकीला खिडकीच्या उजेडात नेतात आणि तोंड उघडायची खूण करतात. काही जणी लाजतात, काही रागावून निघून जातात. परवा दोघी मात्र दवाखान्यात गेल्या.

बंधूंनो, भगिनींनो, दुखायचं थांबलं म्हणजे बरं झालं असं नसतं. तोंडातला फोड दोन आठवड्यांत भरला नाही, तर दवाखाना गाठा. आणि आपली सवय लेकीसुनांच्या हातावर औषध म्हणून ठेवू नका.