सिद्धारामने विचारलं

१९७७ साली सोलापूरच्या एका सरकारी दवाखान्यात डॉक्टर यशोदाबाई तरुण डॉक्टरांना एकच गोष्ट शिकवत होत्या. जीव द्यायला निघालेल्या पोराला त्याबद्दल सरळ विचारायचं. वॉर्डाची रीत मात्र वेगळी होती. असं पोर आलं की नातेवाईक म्हणत, चुकून झालं. पोलीस नकोत, मुलीच्या लग्नाला पुढं अडचण नको, म्हणून डॉक्टरही केसपेपरवर तेच लिहीत आणि तब्येत सुधारली की घरी पाठवत. त्यात दयाच असे. पण असं पाठवलेलं एक पोर महिन्याभरात परत आलं होतं, आणि ते वाचलं नव्हतं.

रोज दुपारी बाई स्वतः डोक्यावरून पदर घेऊन रुसलेल्या मुलीसारख्या बसत आणि एकेकाला विचारायला लावत. तरुण डॉक्टर हसत. सगळ्यांत जास्त अडे तो अक्कलकोटकडचा सिद्धाराम. विचारलं तर नसतं ते डोक्यात भरेल, ही त्याची भीती.

"तुझ्या विचारण्यानं भरत नाही रे," बाई म्हणत. "असलं तर ते आधीच आत असतं. विचारलं की पोराला कळतं, हे कुणाजवळ बोलता येतं. चल, पुन्हा विचार."

मग कुंभारी गावची महादेवी आली, पंधरा वर्षांची. तिच्याही केसपेपरवर 'चुकून झालं' असंच लिहिलं गेलं. पाचव्या दिवशी ती हिंडूफिरू लागली आणि तिची आई निंगव्वा गाठोडं बांधून बसली. घरी सोडायच्या कागदावर सिद्धारामची सही तेवढी राहिली होती. बाई दाराशी उभ्या होत्या. सही झाली तर पोर मनातलं मनातच घेऊन घरी जाणार, हे त्यांना दिसत होतं. तरी त्यांनी आधी त्याला वाव दिला.

सिद्धारामने निंगव्वाला चहा प्यायला पाठवलं. खाटेशेजारी बसून तो कानडीत शाळेचं, घरचं विचारू लागला. मग आवाज न चढवता म्हणाला, "मरून जावं असं वाटतं का गं? आजपण?"

पोर चादरीचा दोरा ओढत राहिली. त्यानेही घाई केली नाही.

"वाटतंय की," ती म्हणाली. "शाळा सोडवली तवापासनं मला कुणी कायबी विचारलंच न्हाय."

निंगव्वा परतली तेव्हा त्याने सांगितलं, आज पोर जाणार नाही. ती उखडलीच. "चुकून झालंय म्हनलं की सायेब. पोलीस आले म्हंजे?"

"त्यांच्याशी मी बोलेन. अव्वा, पोर तुझीच हाय. चार दिवस माझ्याजवळ ठेव."

निंगव्वाने लेकीकडं पाहिलं. इतके दिवस कोरडी बसलेली पोर रडत होती. तिने खाटेवर बसून लेकीला कुशीत ओढलं. मग घरातून धोक्याचं काय काय हलवायचं, तिला एकटं कसं सोडायचं नाही, दर गुरुवारी किती वाजता दाखवायला यायचं, ते सिद्धारामने दोघींकडून दोनदा म्हणवून घेतलं. पुन्हा शाळेचं बघू, असं निंगव्वा आपणहून म्हणाली.

बाहेर आल्या आल्या त्याने विचारलं, "बाई, बरोबर विचारलं ना?"

 इतक्या वर्षांत यशोदाबाईंनी कुणाची पाठ थोपटली नव्हती, आज थोपटली.

"उद्यापासून दुपारचा वर्ग तू घे," त्या म्हणाल्या. "मी मागं बसून ऐकते."