गोळा खाली येईस्तोर

गोळा हवेत होता. ना दोरी, ना काठी. चौथऱ्यावरच्या पितळी कमळाच्या हातभर वर शेंदरी गोळा थरथरत उभा, आणि चंद्रपूरकडच्या मूल गावाजवळच्या त्या राइस मिलच्या आवारात सारं गाव माना वर करून बसलेलं.

"देवी श्वास घेऊन राह्यली," अधांतरी बाबा सांगत होता. "गोळा आपसूक खाली येईस्तोर पोराले हालवायचं नाई. सुई टोचली का देवी उठून जाते मंग."

पोर म्हणजे धम्मदीप. सिकलसेल या रक्ताच्या आजाराचा. चटईवर पडलेला, अंग तापलेलं, हाडं इतकी ठणकलेली की कण्हायचीही ताकद संपलेली. उशाशी त्याची आई नूतन. आणि ब्रह्मपुरीहून धावत आलेली नूतनची मोठी बहीण सत्यशीला, कॉलेजात गणिताची प्राध्यापक.

"जीप आणली. उचल त्याले," सत्यशीला म्हणाली.

"गोळा खाली येऊ दे, ताई."

"बाबासाहेबांच्या फोटोपुढं वाढलो आपण, नूतन."

"रक्त चढवू चढवू थकलो न आम्ही. तू करशीन का बरा? तुह्या कम्प्युटरनं?"

वाहत्या हवेची समीकरणं संगणकावर सोडवणं एवढंच सत्यशीलाला येत होतं. झोतातला चेंडू, त्याला वळसा घालणारा वारा, मागे एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे सुटणारे भोवरे. त्या भोवऱ्यांनी चेंडू थर—

तिनं वर पाहिलं. हीच थरथर. तिच्या पडद्यावरची.

गृहीत: खाली झोत आहे.

शंका: मग आवाज?

आवाज होताच. हंगामात मिल इतकी घरघरते की गावाला ती ऐकूच येत नाही. त्यात एक पंखा जास्तीचा फिरला तर कोणाला कळणार?

सिद्धता:

धम्मदीपचे डोळे फिरले. सिद्धता राहिली. सत्यशीलानं कोपऱ्यातलं सूप ओढलं आणि कमळावर दाबलं. गोळा पडला, टुणकन उडाला, चटईवर घरंगळला. रंगवलेलं थर्माकोल.

"पाप लागन, बाई," बाबा म्हणाला.

"लागू द्या." सूप काढून तिनं नूतनचा हात कमळावर धरला. नूतनचा पदर फडफडला.

"अवो, हा त कोंडा उडवाच्या पंख्याचा वारा," गर्दीतून मिलमध्ये राबणारी आशाबाई म्हणाली.

कमळ उचललं. खाली नळी, नळी मिलच्या भिंतीत. झोत गोळ्याला उचलून धरतो. गोळा कडेला सरकला की वारा त्याच्या अंगाला बिलगून वळतो आणि त्याला परत मध्ये ओढतो. देवीचा श्वास तो हा.

"आला न गोळा खाली?" सत्यशीलाचा आवाज फाटला. "उचल आता."

नूतननं उचललं.

धम्मदीप वाचला. डावा हात मात्र अजून हलत नाही. मेंदूकडचं रक्त अडलं होतं, वेळेत आणायला हवं होतं, असं डॉक्टर म्हणाले. नूतन बहिणीला एकच विचारते, "ताई, तू आधी काऊन नाई आली?"

गोळा का तरंगतो हे मांडायला समीकरणं लागतात. त्याच्याखाली हात घालून पाहायला लागत नाहीत. घाला हात. पण त्याच्याही आधी पोराला जीपमध्ये घाला.