शिंप्याचा डावा हात

दवाखान्यातल्या नर्सने आख्ख्या गल्लीला फ्लूची लस टोचली, पण तिचा सख्खा मामा काही हाताला लागेना. मामा शिंपी, आणि हट्टाचा पक्का. शेवटी ती बॅग घेऊन दुकानातच धडकली.

"कोरोनाची लस घेतलीय मी," मान वर न करता, ब्लेडने शिवण उसवत मामा म्हणाला. "आणि गेल्या वर्षी गल्लीत एकाला तरी फ्लू झाला? संपला तो!"

"संपला कसला! तू शिवलेले मास्क सगळ्यांच्या तोंडावर होते, म्हणून त्याची डाळ शिजली नाही. आणि कोरोनाची लस फ्लूला अडवत नाही, मामा."

"माझेच मास्क ना? मग झालं तर!" मामाची कॉलर ताठ झाली.

"आणि आता काय उसवतोयस?"

"तेच. उरलेले मास्क. आता कुत्रं विचारत नाही त्यांना. इलॅस्टिक काढून पोरांच्या चड्ड्यांना..."

मामाचं ब्लेड थांबलं. बाहेरून दोघं जण उघड्या तोंडाने खोकत, हसत गेले.

त्याने बाही वर केली.

"डाव्या हातात दे. उजवा लागेल मला. हे सगळं परत शिवायचंय."