दुसऱ्या गिअरमधलं इंग्लंड

पौष उतरला की कृष्णाकाठच्या उसाला तुरे येतात. रुपेरी तुरे, रेशीमतुरे, धुक्यात बुडून धुकंच होऊन गेलेले तुरे. दहिवरानं जड झालेली पानं एकमेकींच्या कानाशी लागतात. दोन हिरव्या भिंतींच्या मधून एक अरुंद, मातकट, अंग चोरून चालणारी वाट जाते. तिला पुढचं काही दिसत नाही आणि मागचं काही आठवत नाही.

त्या वाटेवर, त्या धुक्यात, रोज सकाळी साडेसात वाजता इंग्लंड सुरू होई.

एक निळसर जुनी मोटार धुक्याच्या पोटातून हळूच डोकं काढी. सुकाणूपाशी हिंदुराव, काळी लोकरी टोपी कानांवर ओढलेला. शेजारी मालन, शाल लपेटलेली, डोळे पुढच्या काचेला चिकटवलेली. आणि उसाची ती वाट, जिला गाववाले नुसती पाणंद म्हणत, ती या दोघांपुरती विलायतेची आडवाट होई. तसल्याच उंच झुडपांच्या भिंती, तसलीच आंधळी वळणं, समोरून कुणी आलं तर एकानं मागं सरायचं, हा तसलाच शिरस्ता.

हिंदुराव सहासष्ट वर्षांचा. चौतीस वर्षं त्यानं एस.टी. हाकली. घाटातून हाकली, पुरातून हाकली, लग्नसराईतल्या छपरापर्यंत भरलेल्या गर्दीतून हाकली. ना कधी ठोकर, ना कधी उशीर. पण चौतीस वर्षांत त्याला एकदाही रस्ता शोधावा लागला नव्हता. रस्ता गाडीच्या कपाळावरच्या पाटीवर लिहिलेला असे. एक घंटी म्हणजे थांब, दोन घंट्या म्हणजे नीघ. आयुष्य असं घंटीबरहुकूम, घाटदार, घड्याळबद्ध.

आणि त्या चौतीस वर्षांत मालननं काय पाहिलं? पाठ. माहेरी जाताना पाठ, जत्रेला जाताना पाठ, बाळंतपणाला जाताना पाठ. जाळीपलीकडची खाकी, घामेजली, ताठ पाठ. पुढं मोटारसायकल आली. तिच्यावर तर पाठ नाकालाच टेकली. हा माणूस गाडी चालवताना पुढून कसा दिसतो, हे रस्त्याकडेच्या प्रत्येक म्हशीला ठाऊक होतं. मालनला ठाऊक नव्हतं.

म्हणून हे इंग्लंड.

*

झालं होतं ते असं. पुण्याच्या लेकीनं, सारिकानं, आईबापांना जहाजाच्या सहलीची तिकिटं काढली. वैशाखात साऊथॅम्प्टन नावाच्या बंदरातून जहाज सुटणार. पांढरंशुभ्र, बारा मजली, पाण्यावर तरंगणारं अख्खं गाव. लेक आणि जावई जहाजाच्या दिवशीच पोचणार, त्यांना रजा तेवढीच. पण मालन म्हणाली,

"इतक्या लांब जायचं आन् नुसतं पाणीच बघायचं व्हय? त्यांची गावं बघू की. ते आपल्या गावात दीडशे वर्सं ऱ्हाऊन गेले. आपुन चार दिस जाऊन येऊ."

सारिका लगेच फोन घेऊन बसली. चार दिवस आधीची विमानतिकिटं निघाली, आणि तिथं भाड्याची मोटार घेऊन ती हिंदुरावानंच हाकायची असं ठरलं.

मग हिंदुरावानं कागदावर उभ्याआडव्या रेघा मारल्या. चार दिवस, अकरा गावं. सुटण्याची वेळ, पोचण्याची वेळ, चहाला सात मिनिटं. नकाशात अप्पर स्लॉटर आणि लोअर स्लॉटर अशी जुळी गावं निघाली तेव्हा तो अडखळला.

"म्हंजे स्लॉटर बुद्रुक आन् स्लॉटर खुर्द," मालन भाजी निवडता निवडता म्हणाली. आणि विलायतेचं अर्धं परकेपण मेथीच्या देठांबरोबर सुपात गळून पडलं.

उरलेलं अर्धं वाटेचं होतं. सारिका म्हणाली, तिकडच्या आडवाटांवर मोबाईलची रेंज म्हणजे उसात शिरलेलं वासरू, दिसलं दिसलं म्हणेतो नाहीसं. तेव्हा वाट सांगायला शेजारी माणूस हवं. आणि वाट सांगायची म्हटल्यावर मालन मोहरली, आणि मग घाबरली.

कारण बोलताना तिचं डावं-उजवं होई, उजवं-डावं होई. "हिकडं, आवं हिकडं!" असं म्हणत ती दोन्ही हात दोन्हीकडं नाचवी. फक्त ओवीत तिची दिशा चुकत नसे. आईच्या जात्यापाशी बसून ती ओवी शिकली होती, आणि तेव्हापासून जे जे लक्षात ठेवायचं ते ते तिनं ओवीतच ठेवलं होतं. मसाल्याचं माप, दिरांची लग्नं, लेकीच्या लशींचे वार. आता इंग्लंडही ती ओवीत भरू लागली, उखळात भात भरावा तसं:

बोर्टनच्या गं पाण्यात, बदकांची बाई रांग
दगडी पुलापाशी, धरा राया डावं अंग

ओवी सुरेख होती. ओवी सुरेल होती. ओवीत एकच खोट होती. वळण शेवटच्या चरणात यायचं, आणि शेवटचा चरण यायच्या आत हिंदुरावाची गाडी वळणापुढं गेलेली असायची.

आठ दिवस सराव झाला, गावच्याच खुणांना विलायतेच्या मानून. आठ दिवस वळणं मागं राहिली. पहिल्या चरणाला खूण दिसे, दुसऱ्याला खूण शेजारी येई, तिसऱ्याला मागं पडे. आणि चौथ्या चरणाला मालन मोठ्या प्रेमानं ज्या वाटेला वळायला सांगे, तिथं वाटेऐवजी कुणाचा तरी गोठा असे.

"जरा आधी म्हणत जा की गं."

"दिसल्याबिगार कशी म्हणू? ओवी हाय ती, रेडिओ न्हाई."

आणि शेजारी बसूनही त्याचा चेहरा तिला दिसला नाहीच. डोळे सदा पुढं, खुणांच्या शोधात. पाठ सुटली होती, पण तोंड गवसलं नव्हतं.

*

शनिवारी सारिका पुण्याहून आली. तिनं सारं ऐकून घेतलं, आणि मग कमरेवर हात ठेवून, अगदी आईसारखी, म्हणाली,

"आबा, जहाज चारला सुटतं आणि कुणासाठी थांबत नाही. तुम्ही दोघं कुठल्यातरी गोठ्यात सापडलात तर मी काय जहाजावरून हात हलवू? तिकडं सहलीची बस आहे, ड्रायव्हरसकट. उद्या संध्याकाळपर्यंत जागा धरायच्यात."

 घरात सगळ्यांना माहीत होतं, दुसऱ्यानं हाकलेल्या गाडीत बसलं की हिंदुराव तिसऱ्या मैलाला झोपतो. नुसता झोपत नाही, घोरतो. लेकीच्या लग्नाच्या वऱ्हाडात घोरला, व्याह्यांच्या नव्या गाडीत घोरला, रुग्णवाहिकेत शेजाऱ्याची सोबत करताना घोरला, तेव्हा रोग्यानं त्याला उठवलं होतं. बस म्हणजे चार दिवस इंग्लंड खिडकीबाहेर, आणि मालनच्या खांद्यावर एक घोरणारं डोकं.

 मालननं शालीचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, पुन्हा गुंडाळलं.

ते पाहून लेक विरघळली, पण अर्धीच. "बरं. उद्या परीक्षा. मी सांगेन त्या रस्त्यानं जायचं, जिथं एस.टी. जात नाही. पाण्याची टाकी, तिथं डावीकडे. दूध डेअरी, तिथं उजवीकडे. मग सरळ नदीवरचा घाट. पैलतीराला जाणारी दहाची नाव सापडली तर मोटार तुमची. नाही सापडली तर बस."

*

रविवार उजाडला तो दुधाळ, धूसर, धुक्यानं धुतलेला. नऊ वाजून दहा मिनिटांनी मोटार निघाली. मागं सारिका, मनगटावर घड्याळ, घड्याळावर डोळे. पुढं दोघं, गोरामोरा एक, कावरीबावरी एक.

ऊस आला. ऊस दाटला. ऊस आभाळाला भिडला. आणि एकाएकी तुऱ्यांच्या वर, धुक्याच्या वर, पांढरीफटक टाकी उगवली. मालननं श्वास घेतला:

आभाळी टेके टाकी, जशी गौर माहेराची
तिला घालून वळसा, वाट धरा डाव्या हाताची

'हाताची' हा शब्द हवेत विरेपर्यंत गौर माहेरी राहिली होती आणि मोटार सासरी निघाली होती. वाट अरुंद झाली, आणखी अरुंद झाली, आणि एका फडात, उसाच्या मोळ्यांच्या ढिगापाशी, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीला नाक लावून संपली.

ऊसतोडीची बायामाणसं कोयते थांबवून पाहू लागली. डोईला फडकं बांधलेली एक बाई पुढं आली.

"कुठं निघालायसा ओ, मावशी?"

मालनच्या तोंडून खरं तेच निघालं. "इंग्लंडला."

बाईनं मोटारीकडं पाहिलं, ट्रॉलीकडं पाहिलं, मग मोठ्या काळजीनं विचारलं, "मग हिकडनं कसं?"

फड हसला. मोळ्या हसल्या, कोयते हसले, ट्रॅक्टरवाला पोट धरून हसला. मागच्या सीटवर सारिकानं तोंडात पदर कोंबला. ड्रेसची ओढणी होती, पण त्या क्षणी तिचा पदर झाला. हसली नाही ती एकटी मालन. ती खाली उतरली, मोटारीच्या मागं गेली, आणि "येऊ द्या... येऊ द्या... आस्ते... येऊ द्या..." म्हणत मोटार उलटी आणू लागली. आवाज ठाम होता. डोळे भरले होते.

आरशात हिंदुरावाला ते डोळे दिसले.

आरसा लहान होता, धुकं मोठं होतं, तरी दिसले. चौतीस वर्षं त्या माणसानं आरशात फक्त मागून येणारी वाहनं पाहिली होती.

मालन येऊन बसली. घड्याळात दहाला बावीस मिनिटं कमी. हिंदुरावानं गाडी पुन्हा टाकीपाशी आणली, वळवली, आणि मग ज्याच्या पायाखाली चौतीस वर्षं वेळापत्रक धावलं त्या माणसानं पाय उचलला. गाडी चौथ्यावरून तिसऱ्यात आली. तिसऱ्यावरून दुसऱ्यात आली.

"आबा, वेळ जातोय!"

"जाऊ दे. तिचं पुरं हुऊ दे."

आणि मोटार चालू लागली ओवीच्या चालीनं. चरणाला चाक, यतीला खड्डा. उसाची पानं काचेवरून हलकेच हात फिरवीत होती. एक खंड्या तारेवरून उठून मोटारीच्या पुढं पुढं, तितक्याच सावकाश, जणू वाट दाखवत उडत होता. डेअरी आली, हळूहळू आली, लग्नातल्या नवरीसारखी पावलं मोजत आली:

दुधाची गं डेअरी, कॅन वाजती खणाखणा
आता तरी उजवीकडं, वळा की हो माझ्या सजणा

'सजणा'ला वळण आलं. नेमकं 'सजणा'ला. सुकाणू फिरलं, मोटार फिरली, दोन्ही भिंती फिरल्या, आणि समोर उजेडाचा एक तुकडा सांडला. सारिकानं घड्याळाचा हात ओढणीत घेतला. केव्हा घेतला, तिचं तिलाही कळलं नाही.

घाटावर पोचले तेव्हा दहा वाजून पाच मिनिटं झाली होती. नाव प्रवाहाच्या मधोमध होती. दोन सायकली, एक शेळी, पाच माणसं. नावाड्यानं लांबूनच टोपी हलवली.

नाव गेली होती.



मग हिंदुरावानं खिशातून तो उभ्याआडव्या रेघांचा कागद काढला, मोटारीच्या नाकाडावर पसरला आणि पेन्सिल ओली केली. चौतीस वर्षांत त्यानं एकही थांबा गाळला नव्हता.

"अकरा गावांत नाव चुकतीया," तो म्हणाला. "पयलं रद्द. दुसरं रद्द. स्लॉटर बुद्रुक रद्द..."

"खुर्द ऱ्हाऊ द्या," मालन हळूच म्हणाली. "खुर्दाचं पाणी गोड असतंय."

खुर्द राहिलं. बोर्टन राहिलं, बदकांसाठी. तिसरं एक राहिलं, त्याचं नाव कुणालाच म्हणता येत नव्हतं म्हणून. बाकी साऱ्या गावांवरून पेन्सिल फिरली, मायेनं फिरली. सुटण्याच्या वेळेत त्यानं लिहिलं: उजाडल्यावर. पोचण्याच्या वेळेचा रकाना त्यानं कोरा सोडला. आणि शेवटच्या ओळीत ठळक अक्षरांत: मुक्काम बंदर, जहाजाच्या आदल्या दिवशी.

"आदल्या दिवशी दुपारी पोचायला पाहिजे हं, आबा," सारिका म्हणाली. आवाज कडक ठेवायचा तिनं प्रयत्न केला.

"सकाळी," हिंदुराव म्हणाला.

तिनं आईकडं पाहिलं. मग फोन काढला, रेंजसाठी घाटाच्या वरच्या पायरीवर चढली, आणि तिथून ओरडून विचारलं, "छोटी गाडी चालेल ना? दोनच माणसं आहेत!"

"ल्हानच बघ," मालन ओरडली. "वाटा बारीक हायत तिकडं!"

*

परतीची वाट ओळखीची होती. गावाकडची, तिला ना खूण लागत होती, ना ओवी. धुकं उठलं होतं. उन्हाची पहिली पिवळी तिरीप उसाच्या तुऱ्यांतून गळून पुढच्या काचेवर, सुकाणूवर, सुकाणूवरच्या दोन रापलेल्या हातांवर पडली होती.

आणि मालनचे डोळे मोकळे झाले. तिनं मान वळवली.

पांढऱ्या खुंटांचा गाल. कानापाशी एक विसरलेला केस. आणि वळण आलं, की चक्क जिभेचं टोक! पाटीवर पहिलं श्री गिरवणाऱ्या पोरासारखं, ओठांच्या कोपऱ्यात, गुलाबी, एवढंसं. वळण सरळ झालं की ते आत जाई. वळण आलं की बाहेर येई.

तिनं ते कुणाला सांगितलं नाही. पुढचं वळण लांब होतं. ती त्याची वाट पाहत राहिली. आणि मोटार चालत राहिली, दुसऱ्या गिअरमध्ये, उन्हातून सावलीत, सावलीतून उन्हात.